वाजणारा दगड, ठिबकणारा रांजण: ध्वनिशिल्प सोप्या भाषेत

फुटाळा तलावातल्या संगीत कारंज्यावरून नागपुरात बरीच चर्चा झाली, प्रकरण न्यायालयातही गेलं. पाणी आणि संगीत एकत्र आणणारी कला हा विषय त्या निमित्ताने घराघरांत बोलला गेला. त्या कारंज्यात पाणी स्वतः मात्र गात नाही. गाणं आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं, ते स्पीकरमधून येतं आणि फवारे त्याच्या तालावर नाचवले जातात. याच्या बरोबर उलट वाटेने जाणारी एक कला आहे. तिच्यात दगड, बांबू, माती, पाणी यांना आकार द्यायचा, तो असा की आवाज त्यांच्यातूनच निघावा. प्रदर्शनात अशी वस्तू दिसली की पाहणारे गोंधळतात. हे शिल्प आहे की वाद्य? वाजवायचं की नुसतं पाहायचं? यात कलाकाराने नेमकं काय केलं?

खरं तर यातली पहिली पायरी प्रत्येक नागपूरकराला येते. मार्च लागला की रस्त्याच्या कडेला माठांच्या राशी लागतात. घेणारा माणूस भाव विचारायच्या आधी माठ उचलतो आणि त्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बोदा वाजला तर परत ठेवायचा. डोळ्यांना न दिसणारी चीर त्या टिचकीत ऐकू येते. वस्तूचा आकार, तिचा पदार्थ आणि तिच्यातला दोष या तिन्ही गोष्टी आवाजात उतरतात. ही सगळी कला याच गोष्टीवर उभी आहे.

## शिल्प कुठे संपतं आणि वाद्य कुठे सुरू होतं

ध्वनिशिल्प म्हणजे ज्याचा आकार पाहण्यासाठी आणि आवाज ऐकण्यासाठी, दोन्हींसाठी एकत्रच घडवलेला आहे असं शिल्प. वाद्य वादकासाठी असतं. ते ठरलेल्या सुरांत लावलेलं असतं आणि आज इथे, उद्या तिथे नेता येतं. ध्वनिशिल्प बहुधा एका जागेसाठी असतं. त्याला वाजवणारा वारा असेल, पाणी असेल किंवा येणाराजाणारा कुणीही. त्यावर राग वाजला नाही तरी चालतं.

सीमारेषा पक्की नाही, आणि ती पक्की करण्यात फारसा अर्थही नाही. हंपीच्या विठ्ठल मंदिरातले नाद देणारे दगडी खांब वास्तुशिल्प आहेत आणि वाजतातही. कर्नाटकात बल्लारीजवळ कुपगल इथे टेकडीवर नवाश्मयुगातली कोरीव चित्रं आहेत. तिथल्या काही काळ्या डोलेराइट शिळांवर ठोकून ठोकून पडलेले खळगे दिसतात. त्या जागी दगडाने मारलं की घंटेसारखा नाद निघतो. आपल्या शेजारच्या बस्तरमध्ये बांबूची एक बासरी आहे. ती तोंडाने फुंकत नाहीत, हातात धरून हवेत फिरवतात. नक्षी जाळून काढलेली, दिसायला देखणी, आणि फिरवली की घूं घूं करते. ‘ध्वनिशिल्प’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून ही समज आपल्याकडे आहे.

## वस्तू वाजते म्हणजे काय होतं

दगडाला ठोकलं की तो किंचित वाकतो आणि परत सरळ होतो, सेकंदाला शेकडो वेळा. सेकंदाला किती वेळा, तो आकडा म्हणजे वारंवारता, आणि ती मोजायचं एकक हर्ट्झ. आकडा मोठा तर आवाज उंच, लहान तर खर्जातला. प्रत्येक वस्तूला तिच्या लांबी, जाडी, वजन आणि ताठपणावरून ठरलेल्या स्वतःच्या काही वारंवारता असतात. बाहेरचा धक्का त्या वारंवारतेशी जुळला की कंप वाढत जातो. याला अनुनाद म्हणतात. झोका परत येतो त्या क्षणी हलकासा रेटा दिला तर तो उंच जातो, भलत्या वेळी दिला तर अडतो. तसंच हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कंप पावणारी ऊर्जा कुठेतरी जातेच. हवेत गेली तर आपल्याला ऐकू येते. ओल, चीर, भुसभुशीतपणा किंवा चुकीचा आधार असेल तर ती तिथेच उष्णता होऊन संपते आणि आवाज बोदा होतो. म्हणून ध्वनिशिल्प घडवणाऱ्याचं निम्म्याहून अधिक काम आवाज निर्माण करण्याचं नसतं. दगडात, बांबूत, मडक्यात आवाज असतोच. तो कशाने गुदमरतो ते शोधून दूर करायचं असतं. पुढचा सगळा तपशील याच एका कामाचा आहे.

## दगड: आवाज आधारात मरतो

दख्खनच्या लाव्हाथरांची पूर्वेकडची कड नागपूरजवळ येते. सिताबर्डीची टेकडी त्याच काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. पूर्वेकडे गेलं की जुने स्फटिकी खडक लागतात आणि कामठीच्या बाजूला वालुकाश्म. वाजण्यासाठी यातला घट्ट, बारीक कणांचा बेसाल्ट उत्तम. वालुकाश्माचे कण एकमेकांना सैल धरून असतात, त्यामुळे तो बहुतेकदा थप्प वाजतो. बेसाल्टमध्येही दोन जाती सापडतात. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे अडकून राहिले असतील तर दगड सच्छिद्र असतो, कधी त्या भोकांत पांढरे खडे भरलेले दिसतात. तो दगड बांधकामाला चालेल, नादाला नाही.

खाणीवर निवड करताना दगड जमिनीवर ठेवून ठोकू नये, जमीन सगळा आवाज खाते. दोरीच्या फासात लटकवून लाकडी हातोडीने ठोकावं. मग पाणी मारून सुकू द्यावं. पृष्ठभाग उजळत जातो, पण जिथे बारीक चीर असते तिथे ओल टिकते आणि काळी रेघ दिसत राहते. अशी रेघ दिसली की तो दगड बाजूला.

समजा ५० सें.मी. लांब, ८ सें.मी. रुंद, ३ सें.मी. जाड अशी पट्टी कापून घेतली. वजन साधारण साडेतीन किलो. चांगल्या बेसाल्टची असेल तर तिचा मुख्य सूर ६०० हर्ट्झच्या आसपास येईल. रुंदी बदलली तरी सूर जवळजवळ बदलत नाही. जाडी दुप्पट केली तर वारंवारता दुप्पट होते. लांबीचा हिशेब वेगळा आहे, लांबी निम्मी केली तर वारंवारता चौपट. म्हणून एक सप्तक वर जायचं असेल तर पट्टी २५ नाही, सुमारे ३५ सें.मी. ठेवावी लागते. नव्याने काम करणारे इथे हमखास फसतात आणि महागडा दगड आखूड कापून बसतात.

आता आधार. पट्टी वाजते तेव्हा तिचं मधलं अंग आणि दोन्ही टोकं वरखाली होतात, आणि दोन ठिकाणं जवळजवळ स्थिर राहतात. ही ठिकाणं प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर असतात, म्हणजे ५० सें.मी.च्या पट्टीत ११.२ सें.मी.वर. आधार तिथेच द्यायचा. खात्री करायची असेल तर पट्टीवर बारीक मीठ भुरभुरवावं आणि मध्यभागी रबरी हातोडीने हलकेच ठोकत राहावं. मीठ सरकत जाऊन दोन आडव्या रेघांत गोळा होतं. तिथे खूण करायची आणि खाली जाड नायलॉन दोरी किंवा रबराची पट्टी ठेवायची.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती पुढच्या टप्प्यावर. शिल्प बागेत उभं करायची वेळ येते, मिस्त्री येतो, आणि पट्टी हलू नये म्हणून दोन्ही टोकं सिमेंटात पक्की बसवतो. दगड तोच, माप तेच, आवाज गेलेला. मिस्त्रीचा यात दोष नाही, त्याचं शिक्षणच वस्तू पक्की बसवण्याचं आहे. म्हणून नकाशावर ‘इथे सिमेंट नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं आणि काम चालू असताना तिथे उभं राहावं. पट्टी चोरीला जाण्याची भीती असेल तर स्थिर बिंदूवर १० मि.मी.चं भोक पाडून त्यातून रबराच्या वायसरसह बोल्ट सैलसर घालता येतो. त्या जागी भोक पडलं तरी सुराला फारसा धक्का लागत नाही.

सूर थोडा खाली आणायचा असेल तर पट्टीच्या मधल्या भागाखालून दगड घासून काढावा, वर न्यायचा असेल तर टोकांकडून. दर चार-पाच घासण्यांनंतर ऐकावं. काढलेला दगड परत लावता येत नाही.

इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या सान स्पेराते गावचे शिल्पकार पिनुच्चो शोला (१९४२–२०१६) यांनी दगडाला वेगळ्याच पद्धतीने मोकळं केलं. ते चुनखडी आणि बेसाल्टच्या उभ्या शिळांत एकमेकांना समांतर खोल चिरा कापत. शिळा खाली अखंड राहते आणि वर तिच्या पातळ पट्ट्या मोकळ्या होतात. हाताने किंवा लहान दगडाने त्यांच्यावर घासलं की त्या कंप पावतात आणि लांब, तरंगता स्वर निघतो. जाड शिळेला ठोकून जे मिळत नाही ते चिरेने मिळतं, कारण जाड दगड जवळजवळ वाकतच नाही. शिल्पाचं रूप आणि त्याचा आवाज एकाच करवतीने एकाच वेळी ठरतात. या कलेचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

## बांबू: कोणता घ्यायचा

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलांमुळे बांबू आपल्याला जवळ आहे, पण तिथला सगळ्यात जास्त मिळणारा मानवेल जवळजवळ भरीव असतो. काठीला, ताटीला, टोपलीला तो उत्तम. त्याच्या भरीव पट्ट्या दगडासारख्या आडव्या मांडून ठोकल्या तर वाजतात. फुंकीच्या किंवा वाऱ्याच्या नळीसाठी मात्र पोकळी लागते, म्हणून कटांग किंवा त्याहून पातळ भिंतीची जात पाहावी लागते. बुरडाकडे जाऊन ‘बांबू द्या’ इतकंच म्हटलं तर मानवेलच मिळेल.

नळीचा सूर आतल्या हवेच्या लांबीवर ठरतो. एक टोक पेराने बंद आणि दुसरं उघडं असेल, तर ध्वनीचा वेग भागिले चारपट वारंवारता, इतकी लांबी लागते. २६२ हर्ट्झसाठी २५ अंश सेल्सिअसला ती ३३ सें.मी. येते. उघड्या तोंडाबाहेरची थोडी हवाही नळीबरोबर हलते, म्हणून त्रिज्येच्या ०.६ पट लांबी वजा करायची. आतला व्यास ४ सें.मी. असेल तर नळी सुमारे ३२ सें.मी. कापावी. दोन्ही टोकं उघडी ठेवली तर त्याच सुराला जवळपास दुप्पट लांबी लागते.

वारा नुसता नळीच्या तोंडावरून गेला म्हणजे ती बोलेलच असं नाही. वाऱ्याला धार लागते. उघड्या टोकाची किंवा बाजूच्या खाचेची एक कड तासून पातळ करायची, म्हणजे हवा तिच्यावर आपटून आळीपाळीने आत-बाहेर होते. ही धार कुठे असावी ते शेवटी वाऱ्यातच उभं राहून, थोडं पुढेमागे करून जमवावं लागतं.

तोड तीन वर्षांपेक्षा जुन्या बांबूची आणि पावसाळा संपल्यावर करावी. कोवळ्या बांबूत आणि पावसाळी तोडीत पिष्ट जास्त, आणि पिष्टावर भुंगेरा येतो. बांबूवर पिवळसर पिठासारखी भुकटी दिसायला लागली की आतून पोखरण सुरू झालेली असते. उपाय जुना आहे. वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायचं, किंवा बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाच टक्के द्रावणात आठ-दहा दिवस. आतली पेरं सळईने फोडलेली असतील तरच द्रावण आत पोचतं, आणि जे पेर बंद टोक म्हणून हवं आहे ते फोडायचं नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. ज्यांना बांबूत गंभीरपणे काम करायचं आहे त्यांनी तिथली प्रक्रिया प्रत्यक्ष पाहावी.

एक अडचण नागपूरच्या बागेत नक्की येते. कुंभारमाशी कुठलीही बोटभर पोकळी पाहिली की तिच्यात चिखलाचं घर बांधते. काल वाजणारी नळी आज मुकी झाली तर आधी आत टॉर्च मारून पाहावं. उघड्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी बसवली तर सूर किंचित मऊ होतो, पण नळी चालू राहते.

## जमिनीत पुरलेला रांजण

जपानी बागांत एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) एक रचना आहे, सुइकिनकुत्सू. मोठं मडकं उपडं करून जमिनीत पुरायचं, त्याच्या बुडाला भोक ठेवायचं, वरून पाणी थेंबाथेंबाने आत पडू द्यायचं. खाली साठलेल्या उथळ पाण्यावर थेंब पडतो आणि वर कान लावला की घंटेसारखी किणकिण ऐकू येते. आपल्याकडे रांजण आहेत, ते घडवणारे कुंभार आहेत, ठिबकचं सामान संत्र्याच्या प्रत्येक बागेत आहे. ध्वनिशिल्पाची सुरुवात करायला विदर्भात याहून चांगलं काम मला दिसत नाही. म्हणून हे सविस्तर.

आधी आवाज कुठून येतो ते पाहू. थेंब पाण्यावर आपटतो त्याचा आवाज अगदी क्षीण असतो. त्या आघाताने पाण्यात खड्डा पडतो, खड्डा मिटताना हवेचा छोटा बुडबुडा आत अडकतो आणि तो बुडबुडा कंप पावतो. आपण ऐकतो तो ‘टुण’ बहुतांशी त्या बुडबुड्याचा. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं. १ मि.मी. त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३,३०० हर्ट्झला वाजतो, ३ मि.मी.चा सुमारे १,१०० हर्ट्झला. रांजणाच्या आतली हवा त्यातले तिला जुळणारे सूर उचलून धरते आणि कडक भिंती ते परतवत राहतात, म्हणून नाद लांबतो.

इथे एक शंका येईल. माठ ओला झाला, दाबला गेला की बोदा वाजतो, मग जमिनीत गाडलेला रांजण कसा वाजेल? टिचकी मारताना भिंत कंप पावते, म्हणून भिंत मोकळी हवी. पुरलेल्या रांजणात आतली हवा वाजते. भिंत भोवतालच्या भरावाने घट्ट धरली तर उलट बरंच, ती आवाज गिळत नाही.

साहित्य असं लागेल: ५० ते ६० सें.मी. उंचीचा, चांगला भाजलेला रांजण, पसरट मातीची किंवा दगडी कुंडी, ४० मि.मी. आणि २० मि.मी. गिट्टी, मुरूम किंवा जाड वाळू, ४० मि.मी.ची पीव्हीसी नळी, वर पसरायला गोटे.

भोक बुडाच्या मध्यभागी, अडीच ते तीन सें.मी. व्यासाचं. टाइल कापायचं गोल हिरा-बिट वापरावं, ड्रिलची ठोकणी बंद ठेवून, पाणी सोडत, हळूहळू. आत ओली वाळू भरून ठेवली की बिट पार होताना तुकडा उडत नाही. हातोडा-छिन्नीने भोक पाडायला गेलं की रांजण हमखास चिरतो. भोकाची आतली कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी. कड खडबडीत राहिली तर पाणी एका जागी लोंबत नाही, भिंतीवरून ओघळून जातं आणि खाली काहीच पडत नाही.

खड्डा एक मीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल. तळाला १५ सें.मी. जाड गिट्टी, तिच्यावर १० सें.मी. बारीक गिट्टी. मध्ये कुंडी, आणि कुंडीच्या कडेला निचऱ्याची नळी अशा उंचीवर की पाणी तीन ते पाच सें.मी.च्या वर चढणार नाही. तीन सें.मी.पेक्षा कमी पाण्यात थेंब तळावर आपटतो आणि फट्ट वाजतं. पाणी फार चढलं तर हवेची जागा जाते आणि थेंबाची उडी आखूड होते. कुंडीभोवती विटांच्या कड्यावर रांजण उपडा ठेवायचा आणि भोवती गिट्टी लावत यायचं.

यानंतर येते नागपूरची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की हातभर खोल भेगा पडतात. रांजणाला ती थेट लागून असेल तर एका वर्षात त्याला दाबून फोडते. म्हणून चहूबाजूंनी किमान १५ सें.मी. मुरूम किंवा वाळूचा थर हवा, आणि तो व माती यांच्यामध्ये जाड विणलेलं कापड किंवा शेतीचं जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती गिट्टीत शिरणार नाही. निचऱ्याची नळी उताराकडे मोकळी सुटलीच पाहिजे. सखल जागा निवडली तर जुलैमध्ये खड्डा भरतो, रांजण पाण्याने तुंबतो आणि दिवाळीपर्यंत गप्प राहतो.

पाणी किती सोडायचं? एक थेंब साधारण ०.०५ मि.लि. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला १८० मि.लि., दिवसाला जवळपास सव्वाचार लिटर. मे महिन्याच्या पाणीटंचाईतही हे परवडतं. बागेतला दोन लिटर प्रतितासाचा ठिबक ड्रिपर थेट लावू नये, ते सेकंदाला अकरा थेंब होतात आणि धार लागते. धारेतून नुसती सळसळ येते. आधी बारीक चावी बसवून प्रवाह कमी करावा. बोअरचं जड पाणी असेल तर भोकाच्या कडेला पांढरा क्षार जमतो, थेंब वाकडा पडतो. महिन्यातून एकदा लिंबाच्या रसाने कड पुसावी.

डासांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. म्हणून कुंडीच्या तळाला बूच असलेली वेगळी नळी काढून ठेवावी आणि दर आठवड्याला कुंडी पूर्ण रिकामी करावी, घरच्या कूलरला कोरडा दिवस पाळतो तसाच. वरच्या गोट्यांखाली आणि निचऱ्याच्या टोकाला बारीक जाळी. ती थेट भोकावर ताणू नये, थेंब बिघडतो.

## शेंगा आणि तारा

शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्यावर खुळखुळतात. गुलमोहराची लांब शेंग हलवली की आतल्या बिया वाजतात. या शेंगा दोऱ्यात ओवून टांगल्या की वाऱ्याचा कमी-जास्त वेग ऐकू येतो. हे शिल्प पहिल्या पावसापर्यंतचं. शेंगा भिजल्या की मऊ पडतात, पुढच्या उन्हाळ्यात नव्या लावायच्या.

ताणलेली तार वाऱ्यात गुणगुणते, कारण तिच्या मागे हवेचे भोवरे आळीपाळीने सुटतात. वाऱ्याचा वेग भागिले तारेचा व्यास, गुणिले ०.२, इतकी त्या भोवऱ्यांची वारंवारता येते. ३ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात अर्ध्या मि.मी.च्या तारेसाठी १,२०० हर्ट्झ. तार एकटी फार हळू बोलते. तिचं टोक लाकडी पेटीवर किंवा मोठ्या माठावर टेकवलं तरच आवाज कानापर्यंत येतो.

## नागपूरच्या उन्हात सूर टिकतो का?

दगडाचा टिकतो, हवेचा नाही. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो: १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८. म्हणजे जानेवारीच्या पहाटे षड्जात लावलेली बांबूची नळी मेच्या दुपारी जवळजवळ कोमल ऋषभावर जाते. एकाच शिल्पात दगडी पट्ट्या आणि नळ्या यांचे सूर जुळवून ठेवले तर ते वर्षभर जुळलेले राहणार नाहीत. इथे दोन मार्ग आहेत. नळ्या एकमेकींशी जुळवाव्यात, कारण त्या सगळ्या एकत्रच चढतात-उतरतात, आणि दगडाशी जुळवण्याचा हट्ट सोडावा. किंवा हा बदलच शिल्पाचा भाग मानावा. मला दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. नागपूरचा उन्हाळा ज्या शिल्पाला कळत नाही ते कुठल्याही शहरात चाललं असतं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बांबू उभा तडकतो. नळीच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे द्यावेत आणि भर दुपारचं ऊन थेट लागणार नाही अशी जागा पाहावी. मातीला टेकलेला, प्रक्रिया न केलेला बांबू दोन-तीन वर्षांत जातो. दगडाखालचं रबर उन्हाने कडक होतं, ते दरवर्षी बदलावं. दगड बोदा वाजायला लागला की दगडाला दोष देण्याआधी रबर दाबून पाहावं.

## वारा आणि थेंबच वाजवणार, तर कलाकाराचं काम काय?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. उत्तरासाठी क्रोएशियातल्या झादर शहराचा समुद्री ऑर्गन पाहावा. वास्तुरचनाकार निकोला बाशिच यांनी २००५ मध्ये किनाऱ्यावर ७० मीटर लांबीच्या पायऱ्या बांधल्या आणि त्यांखाली ३५ नळ्या बसवल्या. लाट आली की ती नळीतली हवा ढकलते आणि पायऱ्यांच्या भोकांतून सूर निघतो. केव्हा आणि किती जोरात, ते समुद्र ठरवतो. पण कोणते सूर निघू शकतात, कोणते शेजारी यावेत, माणसाने कुठे बसून ऐकावं, हे सगळं माणसाने ठरवलेलं आहे. इथे रचना वेळेची नसते, शक्यतांची असते. रांजणाच्या भोकाची कड, कुंडीतलं पाणी, दगडाखालची दोरी, हे ठरवणं म्हणजेच ती रचना. ते चुकलं की समुद्र असो वा वारा, काहीच वाजत नाही.

## स्पीकर लावला तर काय बिघडतं?

काही वेळा काहीच नाही. दगडाच्या आत होणारी कुरकुर किंवा झाडाच्या खोडातली हालचाल कानाला ऐकू येत नाही, तिच्यासाठी पदार्थाला चिकटवायचा पिझो माइक वापरतात. नाण्याएवढी पितळी चकती, दाबाचं विजेत रूपांतर करणारी. ती साध्या माइकच्या जागी थेट जोडली की आवाज पत्र्यासारखा किरकिरा येतो. चकतीला सुमारे एक मेगाओहम रोधाची जोडणी लागते, म्हणून मध्ये छोटा पूर्वप्रवर्धक (प्रीअँप) हवा.

बिघडतं ते दुसऱ्या ठिकाणी. दगड उभा करून त्यामागे पक्ष्यांच्या किलबिलाटाची ध्वनिफीत लावली तर दगडाचा आणि आवाजाचा संबंध तुटतो. तो दगड काढून तिथे पुठ्ठा ठेवला तरी आवाजात फरक पडणार नाही. ही कसोटी मी प्रत्येक शिल्पाला लावतो: पदार्थ बदलला तर आवाज बदलेल का?

## शेजाऱ्यांना त्रास होणार नाही का?

होऊ शकतो, आणि तो आधीच विचारात घ्यायला हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. ठोकलेली पट्टी १ मीटरवर ७० डेसिबल देत असेल तर ८ मीटरवर ५२ च्या आसपास येते. जवळच्या घरापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून हा हिशेब करता येतो. रांजणाचा तर प्रश्नच नाही, तो वाकून ऐकावा लागतो. काळजी वाऱ्यावर चालणाऱ्या तारांची आणि नळ्यांची, कारण वारा रात्री थांबत नाही. त्यांना झाकण किंवा अडसर हवाच.

उलट बाजूही आहे. वर्धा रोडसारख्या वाहत्या रस्त्यालगत रहदारीची घरघर खर्जातले सूर पूर्ण झाकते. तिथे ५०० ते २,००० हर्ट्झमधल्या दगडी पट्ट्या ऐकू येतात, मोठ्या नळ्या वाया जातात. हळू बोलणाऱ्या कामासाठी सेमिनरी हिल्स किंवा गोरेवाड्याच्या बाजूसारखी झाडांनी वेढलेली जागा बरी.

## लोकांनी हात लावायचा की नाही?

लावायला न देणारं ध्वनिशिल्प अर्धंच पोचतं. लावू दिलं तर झिजतं. हंपीच्या खांबांवर ठोकायला आता बंदी आहे, कारण लोकांच्या ठोकण्याने दगडाला इजा होत होती, आणि ते खांब पुन्हा घडवता येणार नाहीत. नवं शिल्प करताना हा विचार आधीच करता येतो. प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे निघेल अशी ठेवावी आणि त्याच मापाची एक जादा पट्टी कापून ठेवावी. दगड त्याच शिळेतला घ्यावा, नाहीतर मापं जुळूनही सूर जुळत नाही. ठोकणी शिल्पासोबतच द्यावी, नाहीतर लोक रस्त्यावरचा दगड उचलतात आणि कडा उडवतात. सागवानी दांडा, टोकाला कडक रबराचा गोळा, वजन २०० ग्रॅमच्या आत. ती ३० सें.मी.च्या साखळीने चौकटीला अडकवावी, म्हणजे मागे नेऊन जोरात मारता येणार नाही. लहान मुलांसाठी एक पट्टी ६० सें.मी. उंचीवर ठेवावी. मुलं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वाजवतात, त्यामुळे सगळ्यात जाड पट्टी तिथे.